काळ्या दगडाचा डोळा

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात शुद्धलेखन चालले होते. एका मुलाच्या पेन्सिलीचे टोक मोडले. टोक करता करता त्याने मान वर केली आणि विचारले, "गुरुजी, शिसपेन्सिलीत शिसे असते का हो?" मी म्हटले, "अरे, नावच शिसपेन्सिल! त्यात शिसे नाही तर काय सोने असणार?" वर्ग हसला. मुलगा खाली बसला, आणि त्या वर्षात त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाच्याच कुळातला शुद्ध कार्बन, चिकणमातीत कालवून भाजलेला. हे मला पुढे एका पुस्तकात वाचायला मिळाले. मी भाषा शिकवणारा आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. शास्त्राची माझी शिदोरी मॅट्रिकपुरती. परंतु एकदा मनात ओशाळल्यावर मी त्या शिशाच्या मागे लागलो. त्या शोधात जे हाती आले ते दिवाळीच्या दिवसांत सांगण्याजोगे आहे, कारण ती उजेडाची गोष्ट आहे. नेमके सांगायचे तर उजेड ओळखणाऱ्या दगडांची.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, एवढे समाधान मला प्रारंभीच मिळाले. अठराव्या शतकापर्यंत युरोपातले मोठमोठे जाणकारही तीन काळ्या, चकचकीत दगडांचा घोळ घालीत असत. पहिला गॅलिना. हे शिशाचे खरे खनिज. जड, आणि फोडले तर चौकोनी तुकडे पडणारे. आपल्याकडे सुरमा म्हणून जी चमकदार काळी पूड विकली जाई, ती पुष्कळदा या गॅलिनाचीच असे. (शिसे विषारी, तेव्हा ती डोळ्यांत घालू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.) दुसरा दगड ग्राफाइट. तिसरा मॉलिब्डेनाइट. शेवटचे दोघे तर जुळे भाऊच. दोन्ही मऊ, दोन्ही तुळतुळीत. दोघांनीही कागदावर रेघ उमटते आणि बोटाला काळे लागते. ग्रीक भाषेत शिशाला मॉलिब्डोस म्हणतात. त्यावरून तिसऱ्याचे नाव पडले. शिशाचा एक कणही अंगी नसताना हे दोघे शिशाच्या घराण्यातले म्हणून मिरवत राहिले.

त्यांची पहिली परीक्षा घेतली ती स्वीडनमधील कोपिंग गावच्या एका औषधविक्याने. त्याचे नाव कार्ल विल्हेल्म शेले. चौदाव्या वर्षी तो औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागला. विद्यापीठाची पायरी त्याने विद्यार्थी म्हणून कधी चढलीच नाही. १७७८ साली त्याने मॉलिब्डेनाइट घेऊन तीव्र नायट्रिक आम्लात पुन्हा पुन्हा तापवले. त्यातून गंधक निघाले आणि मागे एक पांढरी पूड उरली. ग्राफाइटला तीच वागणूक दिली, तेव्हा ते ढिम्म हलले नाही. मग हे दोघे एक कसे? पांढऱ्या पुडीत एक अज्ञात धातू दडला आहे हे शेलेने ओळखले, पण तो वेगळा काढण्याजोगी भट्टी त्याच्यापाशी नव्हती. त्याने आपला मित्र येल्म याला ते काम सांगितले, आणि १७८१ साली येल्मने मॉलिब्डेनम धातू वेगळा केला. माझ्या वर्गातल्या मुलाने जे विचारले होते, तेच शेलेने दगडाला विचारले होते: तुझ्यात शिसे आहे का हो? फरक एवढाच की त्याला हसणारे कोणी भेटले नाही.

*

आता या दगडांना जरा बाजूला ठेवून दुसऱ्या एका द्रव्याकडे वळू. कारण उजेड ओळखण्याची विद्या माणसाला त्याने शिकवली.

१८१७ साली स्वीडनमध्येच बर्झेलियस नावाच्या थोर रसायनशास्त्रज्ञाला गंधकाम्लाच्या कारखान्यातील गाळात एक नवे मूलद्रव्य सापडले. टेल्युरियम या त्याच्या भावंडाला पृथ्वीचे नाव मिळालेले होते, म्हणून याला त्याने चंद्राचे नाव दिले: सेलेनियम. गाळातून निघालेल्या या चंद्राचा पुढली पन्नास वर्षे कोणाला फारसा उपयोग नव्हता.

मग समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा घालण्याचे दिवस आले. विलोबी स्मिथ हा इंग्रज विद्युततज्ज्ञ त्या कामात मुरलेला. तार समुद्रात सोडीत असताना ती कोठे तुटली किंवा पाण्याने बाधली तर नाही ना, हे सतत तपासावे लागे. त्यासाठी विजेला खूप अडवणारी आणि सदा सारखीच अडवणारी एखादी वस्तू त्याला हवी होती. सेलेनियमची कांडी त्याला पसंत पडली. परंतु कांडी धड वागेना. एका वेळी मोजले तर एक आकडा, दुसऱ्या वेळी मोजले तर भलताच. मापाचे वजनच जर सकाळ-संध्याकाळ बदलू लागले, तर दुकानदाराने काय करावे?

स्मिथने किंवा त्याचा मदतनीस जोसेफ मे याने ती कांडी फेकून दिली असती, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. तिची ही खोड कशामुळे, हे ते पाहत बसले. सरकत्या झाकणाच्या पेटीत कांडी ठेवली. झाकण बंद असताना ती विजेला सर्वांत जास्त अडवी. झाकण सरकवताच वीज अधिक वाहू लागे. उन्हाच्या उबेने असे होत असेल, ही शंका यायचीच. म्हणून कांडी पाण्याखाली ठेवून इंचभर पाण्यातून प्रकाश पाडला. परिणाम तोच. मग पाण्यावर नऊ इंचांवर मॅग्नेशियमची फीत पेटवली. तिच्या लखलखाटात कांडीचा विद्युतरोध एकदम दोन तृतीयांशाहून अधिक खाली आला, आणि ज्योत विझताच पुन्हा वर गेला. ४ फेब्रुवारी १८७३ रोजी स्मिथने हे सारे एका पत्रात लिहून कळवले, आणि त्याच महिन्यात ते प्रसिद्धही झाले.

आपण म्हणतो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. येथे निर्जीवाची खोड निघाली, आणि ती खोड म्हणजे दृष्टी होती! माणसाने घडवलेल्या वस्तूला उजेड आणि अंधार यांतला फरक विजेच्या भाषेत सांगता येऊ लागला.

सात वर्षांनी टेलिफोनकर्त्या ग्रॅहॅम बेलने या दृष्टीला चक्क कामाला लावले. वॉशिंग्टन शहरातल्या फ्रँकलिन नावाच्या शाळेच्या गच्चीवर त्याचा सहकारी टेंटर उभा राहिला आणि एका पातळ आरशाच्या मागून बोलला. आवाजाने आरसा थरथरला, आरशावरून परतणारा सूर्यप्रकाश थरथरला, आणि सुमारे २१३ मीटर दूर, बेलच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेल्या सेलेनियमने त्या थरथरीचे पुन्हा शब्द केले. ही गोष्ट १८८० सालची. उन्हाच्या तिरिपेवरून माणसाचे बोलणे गेले! बेल या यंत्राला टेलिफोनपेक्षाही थोर मानी. पण ढग आला की संभाषण बंद. शिवाय सेलेनियमला आणखी एक खोड होती. ते मंद होते. उजेड गेल्यावरही त्याच्या अंगातून वीज काही काळ रेंगाळत राही, जशी दिवा मालवल्यावर आपल्या मिटल्या डोळ्यांपुढे ज्योत दिसत राहते. ही मंदपणाची खोड वाचकांनी ध्यानात ठेवावी. ती पुन्हा भेटणार आहे.

*

उजेड पडल्याने दगडातून वीज का वाहावी? याचे उत्तर यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०५ साली आइन्स्टाइनने सांगितले की प्रकाश हा कणाकणाने येतो, आणि प्रत्येक कणाची शक्ती त्याच्या रंगावर ठरते. तांबड्याची कमी, जांभळ्याची जास्त. पुढे स्फटिकांतील इलेक्ट्रॉनांचे गणित मांडले गेले. ते गणित मला येत नाही. पण घरगुती चित्र करून पाहतो.

एक वाडा आहे असे समजा. खाली पंगत बसली आहे, आणि एकही पाट रिकामा नाही. एवढी दाटी की कोणाला हलता येत नाही. वर एक माळा आहे. तो मोकळा आहे, पण तेथे चढायला शक्ती हवी. पंगतीतली माणसे म्हणजे इलेक्ट्रॉन. कोणी हलत नाही, म्हणजे वीज वाहत नाही. आता प्रकाशाचा एक कण आला आणि त्याने एकाला उचलून माळ्यावर नेऊन ठेवले. माळ्यावरचा मोकळा फिरू लागला. खाली एक पाट रिकामा झाला, म्हणून शेजारचा सरकला, त्याच्या जागी त्याच्या शेजारचा सरकला. दोन्हीकडे हालचाल सुरू झाली, आणि तीच वीज. ज्याचा माळा आवाक्याबाहेर उंच, तो पदार्थ विजेला वाहूच देत नाही. धातूच्या घरी पंगतच अर्धी रिकामी, तेथे रात्रंदिवस वर्दळ. या दोहोंच्या मधले ते अर्धवाहक. प्रकाशाच्या एका कणाला पेलेल एवढ्या उंचीवर ज्याचा माळा असतो, तोच उजेडाचा साक्षीदार होऊ शकतो.

आपल्या तीन काळ्या दगडांपैकी दोन असे अर्धवाहक आहेत. पहिल्याची, गॅलिनाची, दृष्टी प्रथम ओळखणाऱ्यांमध्ये एक भारतीय होता याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू अदृश्य विद्युतलहरींवर प्रयोग करीत होते. गॅलिनाच्या स्फटिकाला धातूचे टोक टेकवले असता तो त्या लहरी ओळखतो, हे त्यांना दिसले. उजेडालाही तो प्रतिसाद देई. दृश्य आणि अदृश्य अशा दोन्ही किरणांना जागणारा हा त्यांचा कृत्रिम डोळा होता. पेटंट घेऊन ज्ञानाचा व्यापार करणे बसूंना रुचत नसे. सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंच्या आग्रहामुळे त्यांनी ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज केला. पेटंट १९०४ साली मिळाले, आणि बसूंनी त्यातून पैसा केला नाही. पुढे १९५५ साली ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेले वॉल्टर ब्रॅटन यांनी अर्धवाहकांचा इतिहास लिहिताना रेडिओलहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक वापरण्याचे अग्रपूजेचे मान बसूंना दिले. ज्या दगडाची पूड लोक डोळ्यांत घालीत होते, त्याच दगडाचा बसूंनी डोळा केला!

तिसरा दगड, मॉलिब्डेनाइट, मात्र अजून मागच्या बाकावर होता. त्यातील धातू पोलाद कणखर करण्यासाठी वापरात आला. त्याच्या पुडीने यंत्राचे सांधे तुळतुळीत फिरतात, म्हणून ती वंगणात गेली. आजही गॅरेजमध्ये मोटारीच्या सांध्यांना जे काळे ग्रीस चोपडतात त्यात ती असते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोब्लेन्ट्झ यांनी त्याच्यावर उजेड पाडून पाहिला, आणि याच्याही अंगातील विजेचा प्रवाह उजेडाने बदलतो असे लिहून ठेवले. १९२३ साली कॅलिफोर्नियात डिकिन्सन आणि त्यांचा तरुण विद्यार्थी लायनस पॉलिंग यांनी क्ष-किरणांनी त्याची आतली रचना शोधली. पुढे दोन नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या पॉलिंगचा हा पहिलाच प्रसिद्ध झालेला निबंध.

ती रचना समजायला दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे ओढावे. त्यातला चिरोटा घ्या. पोळीवर साटा लावून पोळी, पुन्हा साटा, पुन्हा पोळी, असा तो रचलेला असतो. साट्यामुळे पदर एकमेकांना घट्ट धरीत नाहीत, म्हणून तळल्यावर पापुद्रे सुटतात. मॉलिब्डेनाइटचेही तसेच. त्याच्या एकेका पापुद्र्यात अणूंच्या तीन ओळी असतात: वर गंधक, मध्ये मॉलिब्डेनम, खाली गंधक. पापुद्र्याच्या आत हे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात; पण पापुद्र्यापापुद्र्यांमधली ओढ अगदी दुबळी. म्हणून तर कागदावर घासले की पापुद्रे सुटून रेघ उमटते, आणि सांध्यात घातले की ते एकमेकांवरून घसरतात. एका पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे सुमारे दीड लाख पापुद्रे मावतील.

*

हे पापुद्रे सुटे करून पाहावेत असे कोणाच्या मनात आलेच नाही असे नाही. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत फ्रिंट आणि योफे या दोघांनी १९६३ साली मॉलिब्डेनाइटच्या पातळ स्फटिकांवर प्रकाश पाडून वीज मोजली. १९६६ मध्ये फ्रिंटने चिकटपट्टीने सोलून काही मोजक्या पापुद्र्यांइतका पातळ स्फटिक मिळवला. १९८६ मध्ये कॅनडात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकेक पापुद्राही सुटा केला. म्हणजे सारे साहित्य मांडून तयार होते. परंतु त्या एका पापुद्र्यापाशी थांबून, त्याला तारा जोडून, "बाबा रे, तू आपल्या भावंडांहून वेगळा आहेस का?" असे विचारायचे राहून गेले.

तो प्रश्न विचारला गेला ते दुसऱ्या दगडाच्या, म्हणजे शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या निमित्ताने. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम यांना ग्राफाइटचा शक्य तितका पातळ थर हवा होता. घासून घासून तो काही मिळेना. शेजारच्या कामावरच्या एका सहकाऱ्याने त्यांना एक गंमत दाखवली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी ग्राफाइटचा तुकडा स्वच्छ करण्यासाठी त्यावर साधी चिकटपट्टी दाबून ओढून काढीत, आणि पट्टी टोपलीत टाकून देत. त्या टाकाऊ पट्टीलाच ग्राफाइटचे इतके पातळ पापुद्रे चिकटलेले होते की घासून ते कधी मिळाले नसते. पट्टी घडी करायची, उघडायची, पुन्हा घडी करायची. दर खेपेला पापुद्रा आणखी विरळ. शेवटी ती सिलिकॉनच्या चकतीवर टेकवायची. चकतीवर सिलिकॉनच्या भस्माचा ठराविक जाडीचा पातळ थर असला, तर पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे जसे रंग दिसतात, तशा रंगाच्या फरकाने अणूएवढा जाड पापुद्राही साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. अशा रीतीने २००४ साली ग्राफीन जगापुढे आले, आणि २०१० साली गाइम व त्यांचे तरुण सहकारी नोवोसेलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००५ मध्ये त्यांनी त्याच युक्तीने आणखी काही स्फटिक सोलले. त्यांत आपला मॉलिब्डेनाइट होता.

ग्राफीनने जगाला भुरळ घातली. पण उजेडाचा साक्षीदार म्हणून त्यात एक उणीव होती. त्याच्या वाड्यात पंगत आणि माळा यांच्यामध्ये अंतरच नाही. अंधारातही त्यातून वीज वाहतच राहते. सदा बडबडणाऱ्या माणसाने "चोर आला" म्हटले तर कोण लक्ष देणार? त्याच्या जुळ्या भावाकडे मात्र माळा होता.

२०१० साली न्यूयॉर्कला टोनी हाइन्झ यांच्या आणि कॅलिफोर्नियात बर्कलीला फेंग वांग यांच्या गटाने एकाच वर्षी एक आश्चर्य पाहिले. मॉलिब्डेनाइटचा जाड तुकडा प्रकाश शोषून घेतो, पण त्यातला जवळजवळ काहीच परत देत नाही. त्याचाच एकटा पापुद्रा मात्र चमकू लागला, आणि तोही जाड तुकड्याच्या दहा हजारपटींहून अधिक. पदार्थ तोच, अणू तेच. मग बदलले काय? जाड स्फटिकात माळ्यावरची सर्वांत सखल जागा पंगतीच्या थेट डोक्यावर नसते, बाजूला असते. उचललेला इलेक्ट्रॉन घसरत त्या आडबाजूला जाऊन पडतो, आणि तेथून परत खाली आपल्या पाटावर येताना त्याला प्रकाशाचा कण देता येत नाही. आडवा हिसका प्रकाशाला साधत नाही. हा आडबाजूचा खळगा शेजारच्या पापुद्र्यांच्या ओढाताणीने पडलेला असतो. शेजारी गेले की खळगा भरून येतो, आणि सर्वांत सखल जागा पंगतीच्या बरोबर डोक्यावर येते. एकत्र कुटुंबात जन्मभर गप्प असलेली सून वेगळे बिऱ्हाड केल्यावर गाऊ लागावी, तसेच हे झाले.

आणखी एक नवल. तो एक पापुद्रा, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही पातळ, आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा पाच ते दहा टक्के भाग शोषून घेऊ शकतो. तेवढ्याच जाडीचे सिलिकॉन घेतले तर ते याच्या दहाव्या हिश्श्यालाही पुरत नाही.

मग त्याचा डोळा करण्याची चढाओढ लागली. २०१२ साली सिंगापूरच्या एका विद्यापीठात एका पापुद्र्याला दोन बाजूंनी सोन्याच्या तारा जोडून पहिला प्रकाशवेधी ट्रान्झिस्टर केला. एक वॅट प्रकाशाच्या हिशेबाने त्यातून साडेसात मिलिअँपिअर वीज मिळे. म्हणजे यथातथाच. पुढल्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आंद्रास किश यांच्या गटाने तीच कृती अधिक निगुतीने केली. पापुद्रा स्वच्छ, तारांचे सांधे चांगले. अगदी मंद हिरव्या-पिवळ्या प्रकाशात त्यांना आकडा मिळाला ८८० अँपिअर. आधीच्या लाखपटीहून जास्त! एका प्रकाशकणाने एक इलेक्ट्रॉन हलवायचा असा सरळ हिशेब केला, तर त्या रंगात अर्धा अँपिअरही मिळायला नको. येथे एका कणामागे सुमारे दोन हजार इलेक्ट्रॉन वाहत होते.

हे कोठून आले? यात जादू नाही, खोड आहे. पापुद्र्याच्या पृष्ठभागावर आणि खालच्या चकतीवर बारीकसारीक दोष असतात. प्रकाशाने रिकामा केलेला पाट अशा एखाद्या खाचेत अडकून पडतो. दाराला पाचर बसावी तसे होते. दार ज्याने उघडले तो एकच, पण पाचर निघेपर्यंत त्यातून हजारो लोक जातात. म्हणूनच एवढी तीक्ष्ण दृष्टी. आणि म्हणूनच, उजेड गेला तरी दार लागत नाही. वीज ओसरायला काही सेकंद लागतात. विलोबी स्मिथच्या सेलेनियमची तीच जुनी मंदपणाची खोड एकशेचाळीस वर्षांनी पुन्हा दारात उभी राहिली! जो जितका बारीक पाहतो, तो तितका उशिरा विसरतो. हलते चित्र टिपायचे तर पहिले दृश्य विसरल्याशिवाय दुसरे दिसत नाही. तीक्ष्णता आणि चपळाई यांची ही रस्सीखेच शास्त्रज्ञांना आजही सोडवावी लागते आहे.

पण त्याच २०१३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोडीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्यांनी दोन्ही जुळे भाऊ एकत्र आणले. खाली मॉलिब्डेनाइट, त्यावर ग्राफीन. उजेड ओळखायचा मॉलिब्डेनाइटने, वीज वाहायची ग्राफीनने. शेलेने १७७८ साली ज्यांना एकमेकांपासून वेगळे केले, त्यांची येथे पुन्हा गाठ पडली. या वेळी नावाच्या चुकीने नव्हे, प्रत्येकाचा गुण ओळखून. त्या जोडीची संवेदनशीलता साध्या खोलीच्या उष्णतेत वॅटमागे पन्नास कोटी अँपिअर या हिशेबाची निघाली. आणि उजेड गेल्यावर? ती जोडी तो विसरत नसे. मग या गटाने न विसरण्याचेच यंत्र केले. एका उजेडाच्या झोताने त्यात नोंद करावी, ती तशीच राहावी, आणि हवी तेव्हा विजेच्या एका ठोक्याने पुसून पाटी कोरी करावी. जिला मंदपणा म्हणत होतो, तिचे नाव स्मृती झाले.

पुढचे थोडक्यात. २०१७ साली दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी या दोन भावांचे पापुद्रे बाकदार पृष्ठावर बसवून मानवी दृष्टिपटलासारखा गोलाईचा प्रकाशवेधी पडदा केला. बसूंचा कृत्रिम डोळा शंभर वर्षांनी डोळ्याच्या आकाराला आला म्हणायचा. २०२२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने एकाच पापुद्र्याचे नऊशे ठिपके ओळीने मांडून चित्र टिपणारा पडदा बनवला. खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यात अजून सिलिकॉनचेच राज्य आहे, आणि ते सहजासहजी जाणार नाही. चिकटपट्टीने सोललेला पापुद्रा प्रयोगाला पुरतो, कारखान्याला पुरत नाही. म्हणून आता तो वाफेतून चकतीवर थेट वाढवतात, आणि तो सगळीकडे सारखा, निर्दोष वाढावा यासाठी खटपट चालली आहे.

*

ही हकिकत गोळा करताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. उजेड ओळखणारी वस्तू कोणीही आकाशातून आणली नाही. ती कारखान्याच्या गाळात होती, सुरमेदाणीत होती, वंगणाच्या डब्यात होती, आणि टोपलीत टाकलेल्या चिकटपट्टीवर होती. दर खेपेला ती प्रथम दोष म्हणूनच पुढे आली: आकडा चुकवणारी कांडी, शिशाचे खोटे नाव सांगणारा दगड, उजेड न विसरणारा पापुद्रा. ज्यांनी ती हाकलून दिली त्यांची नावे इतिहासात नाहीत. ज्यांनी क्षणभर थांबून "असे का?" म्हटले, त्यांची आहेत.

मी मास्तर. माझ्यासमोर वर्षानुवर्षे अशी काळी-सावळी, खोडकर, मंद म्हणून मागच्या बाकावर बसवलेली मुले येऊन गेली. किती जणांना मी पापुद्र्यासारखे एकटे घेऊन पाहिले, आणि किती जणांना गठ्ठ्यातच ठेवून निकाल देऊन मोकळा झालो, याचा हिशेब मांडायचे मला धाडस होत नाही.

पेन्सिलीचे टोक मोडलेला तो मुलगा आता कोठे असेल मला ठाऊक नाही. एखाद्या घरात हा अंक उघडून तो पोराबाळांत वाचत बसला असेल, तर त्याच्यासाठी हे उशिराचे उत्तर येथे लिहून ठेवतो. नाही बाळ, शिसपेन्सिलीत शिसे नसते. तुझा प्रश्न बरोबर होता. मी चुकलो होतो.